तुमच्यात सूर्य कुठं जातो?

आमचे थोरले मास्तर नवा माणूस भेटला की नाव-गाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारत. "तुमच्यात सूर्य रात्री कुठं जातो?"

त्यातला 'तुमच्यात' हा शब्द महत्त्वाचा. तुमच्यात पोळीच्या पुरणात गूळ घालतात की साखर, हे आपण ज्या सुरात विचारतो त्याच सुरात ते हे विचारत. समोरचा माणूस आधी हसे, मग गोंधळे, आणि मास्तर थट्टा करत नाहीत हे कळल्यावर हळूहळू बोलू लागे. घाटावरून हिरडा घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी सांगितलं होतं, की सूर्य कोकणात उतरतो. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की उतरताना दिसतो, त्यात विचारायचं काय? जुन्नरात हाताचा कागद करणारे एक वृद्ध मियाँ होते. ते म्हणाले, तो मालकापुढं माथा टेकायला जातो आणि परवानगी मिळाली की पुन्हा उगवतो. आमच्या गावच्या किराणा दुकानाचे शेठजी जैन. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. ते म्हणाले, "मास्तर, तो कुठंच जात नाही. सूर्य दोन आहेत. मेरूभोवती फिरतात. आज दिसला तो उद्या नाही, परवा दिसेल."

मास्तरांच्या थोरल्या विधवा बहिणीला, अक्कांना, विचारलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच्या घरी जातो. दिवसभर दमतो बिचारा."

मी शाळेत दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी मलाही हाच प्रश्न आला. मी ट्रेनिंग कॉलेजातून ताजा उत्तीर्ण झालेलो. खडूचा गोळा हातात फिरवून मी पृथ्वीचं परिवलन समजावून दिलं. मास्तरांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं, वही काढली आणि माझ्यादेखत लिहिलं: 'ट्रेनिंग कॉलेजातून आलेल्या मास्तरांच्यात असं म्हणतात की पृथ्वी फिरते.'

मला ते फार लागलं होतं. बावीस वर्षांचा होतो मी.

गाव कुकडीच्या काठी, जुन्नरपासून दीड कोसावर. मी आंबेगावाकडचा, घोडनदीच्या काठचा. त्यामुळं मलाही सुरुवातीला गाव परकंच. गावानं आमची नावं टाकून दिली होती. ते थोरले मास्तर, मी धाकटे. ते उंच, काटकुळे, एका कानानं थोडे कमी ऐकत. त्यामुळं ऐकताना मान वाकडी करून चांगला कान पुढं करायची सवय. दुसऱ्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी पुढच्या आयुष्यात पाहिला नाही. त्यांना अपत्य नव्हतं, बायको लवकर गेली होती. घरात ते आणि अक्का. त्यांच्या नऊ वह्या होत्या, मियाँच्या जाड कागदाच्या, स्वतः शिवलेल्या. कुणाच्या जगात काय आहे, ते त्यांत लिहिलेलं. मेलेला माणूस कुठं जातो, स्वप्न कोण दाखवतं, दगड जिवंत आहे का, आजार कुठून येतो.

वह्यांना एकच नियम होता. कुठल्याही नोंदीखाली 'हे खोटं' असं लिहायचं नाही.

"पण काहीतरी खोटं असणारच ना, मास्तर?" मी एकदा म्हणालो.

"असेल. पण आधी त्याला काय दिसतं ते पुरतं ऐकून तर घ्या. आपण खोटं म्हटलं की माणूस बोलायचा थांबतो."

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हाही अशीच. एका शनिवारी त्यांनी चौथीच्या वर्गाचे दोन भाग केले. अर्धी पोरं त्यांनी लेण्याद्रीच्या पायथ्याला नेली, अर्धी मी जुन्नरच्या पूर्वेला माळावर. दोघांनी शिवनेरीचं चित्र पाटीवर काढायचं. सोमवारी पाट्या समोरासमोर ठेवल्या. माझ्या पोरांनी लांबलचक भिंत काढली होती, त्यांच्या पोरांनी होडीच्या नाळेसारखं टोक. दोन्ही तट भांडायला उठले. कुणीतरी कुणाची टोपी फेकली. मास्तरांनी भांडण होऊ दिलं. मग म्हणाले, "आता एकमेकांना विचारा, तू कुठं उभा होतास?"

पोरं एकमेकांच्या पाट्या हातात घेऊन विचारू लागली. मी मात्र मनात म्हणत होतो, एवढं सांगायला दोन कोस चालवायची काय गरज?

मिसर देशात राजाच्या थडग्यात होडी ठेवत, ग्रीस देशातल्या एका शहाण्याला सगळं जग पाण्याचं वाटे आणि दुसऱ्याला आगीचं, हे सगळं ते असं सांगत की जणू मिसर खोडदच्या पलीकडं आहे आणि ग्रीस राजुरीच्या वाटेवर. मुलांना ती माणसं ओळखीची वाटत. एका मुलानं मला गंभीरपणे विचारलं होतं, "धाकटे मास्तर, ती मिसरची मान्सं बाजाराला कुठं येत्यात?"

रविवारी ते मानमोडीच्या लेण्यांत जात. दोन-तीनदा मला ओढून नेलं. भिंतींवरची जुनी अक्षरं त्यांना अडखळत वाचता येत. कुणी काय दान दिलं, एवढंच बहुतेक ठिकाणी कोरलेलं. ते अक्षरांवरून बोट फिरवत आणि म्हणत, "धाकटे मास्तर, या भिक्षूंच्यात काय म्हणत माहीत आहे? काहीच टिकत नाही. सगळं क्षणाक्षणाला जातं. आणि हे सांगायला त्यांनी काय निवडलं? हा खडक. वर्षानुवर्षं छिन्नी मारत बसले."

"म्हणजे त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता?"

"असेल किंवा नसेल. मला वाटतं, त्यांना भीती वाटत असेल. आपण जे पाहिलं ते आपल्यामागं कुणाला दिसणार नाही याची." थोडं थांबून ते म्हणाले, "आता गावकरी म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत कोरलं. साहेब येतो आणि फुटानं मोजून जातो. लेण्याद्रीला त्याच खडकात गणपती बसलाय आणि लोक पायऱ्या चढून नवस फेडतात. खडक एकच."

त्या दिवशी उतरताना मी पहिल्यांदा त्यांच्या मागून नव्हे, बरोबरीनं चाललो.

वरिष्ठांना मात्र हा माणूस परवडण्यासारखा नव्हता. माझ्या दुसऱ्या वर्षी तपासणीला साहेब आले. भूगोलात त्यांनी शेठजींच्या मुलाला उभं केलं. "सूर्य किती?"

मुलानं विचारलं, "पुस्तकात का घरी?"

साहेबांना वाटलं, पोर उद्धट आहे. त्यांनी पुन्हा विचारलं. मुलगा घाबरून म्हणाला, "पुस्तकात एक. घरी दोन."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. "हे काय शिकवता तुम्ही? मुलाला सांगा, घरचं खोटं आहे."

मास्तर उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "साहेब, पुस्तकातलं त्याला पुरं येतं. ग्रहणाची आकृती काढायला सांगा, काढील. पण त्याच्या बापाला मी वर्गात खोटा ठरवणार नाही. संध्याकाळी त्याला त्याच घरी जेवायचं आहे."

मुलानं आकृती काढली, बिनचूक. तरीही शेरेबुकात शेरा पडला: 'मुख्याध्यापक विक्षिप्त. सत्य व असत्य यांचा विवेक नाही.' मास्तरांनी तो शेरा मला वाचून दाखवला आणि म्हणाले, "साहेबांच्यात असं म्हणतात." पण त्या शेऱ्याची नोंद त्यांनी वहीत केली नाही, ते मी पाहिलं.

मला साहेबांचं म्हणणं अर्धं पटलं होतं, हे इथं सांगितलं पाहिजे. मास्तरांचा मोठेपणा मला दिसत होता. पण मनाच्या एका कोपऱ्यात वाटे, की हा माणूस कुठलीच बाजू घ्यायला भितो, आणि भित्रेपणाला ऐकून घेणं असं नाव देतो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर गावात प्लेग आला.

आधी जुन्नरात आला. तिथून लोक माळावर पळाल्याच्या बातम्या आल्या. मग आमच्या वरच्या आळीत उंदीर पडले. डॉक्टर टोचायला आला तेव्हा शाळेच्या पडवीत मी, मास्तर आणि चार-पाच माणसं, एवढेच दंड पुढं करून बसलो होतो. बाकी गावानं दारं लावून घेतली. टोचल्यानं माणूस मरतो, अशी आवई होती. आणि घर सोडायला कुणी तयार नव्हतं. मरीआई गावात आली आहे. आई दारात आल्यावर घर बंद करून पळायचं म्हणजे तिचा अपमान. मरीआईच्या देवळाची पुजारीण घरोघर सांगत फिरत होती, "दारं उगडी ठिवा. दिवा लावा. आई येईल आन् जाईल."

ही पुजारीण अक्कांची मैत्रीण. दोघी विधवा, दोघींचा चाळीस वर्षांचा घरोबा. अक्कांनी दार उघडं ठेवलं आणि दिवा लावला.

मास्तरांच्या घराच्या आढ्यावरून उंदीर पडला त्या सकाळी मी तिथंच होतो. उंदीर जात्याजवळ पडला, दोनदा गोल फिरला आणि मेला. मी म्हणालो, "मास्तर, आत्ताच्या आत्ता निघायचं. माळावर माझी झोपडी तयार आहे."

मास्तर अक्कांकडं वळले. "अक्का, निघायचं का?"

"मी न्हाई येत बाबा. आई दारात असताना मी कुठं जाऊ?"

"तुला काय वाटतं, काय होईल?"

"काय व्हायचं? आईचं लेकरू हाय मी. न्यायचं तर नेईल, ठेवायचं तर ठेवील. पण पाठ न्हाई दाखवायची तिला."

मी मास्तरांचा हात धरून त्यांना बाहेर ओढलं. म्हणालो, "उचलून न्या त्यांना. विचारताय काय?"

"तिचं म्हणणं पुरं ऐकतो. उद्या पुन्हा बोलतो तिच्याशी."

ते दोन दिवस बोलले. खरं म्हणजे ऐकत बसले. तिसऱ्या दिवशी अक्कांच्या काखेत गाठ आली. चौथ्या दिवशी त्या गेल्या. पुजारीण शेवटपर्यंत उशाशी होती. तिला काही झालं नाही. मास्तरांनाही काही झालं नाही.

खांदा द्यायला चौघं जमवताना आम्हाला दुपार झाली. नदीवरून परत येताना मास्तर म्हणाले, "तिला भीती वाटत नव्हती, धाकटे मास्तर. शेवटपर्यंत नव्हती." त्यांना कदाचित एवढ्याचाच आधार वाटत असेल. पण माझ्या डोळ्यांसमोर तो जात्याजवळचा उंदीर होता. मी बोलून गेलो, "अक्कांना प्लेगनं नाही मारलं. तुमच्या वह्यांनी मारलं."

त्यांनी चांगला कान माझ्याकडं केला होता. शब्द न् शब्द ऐकला. मग माळाची वाट धरली.

त्यानंतर ते त्या घरात राहायला गेले नाहीत. साथ ओसरली, मागाहून माळावर गेलेली माणसं परतली, पण ते माझ्या माळावरच्या झोपडीतच राहिले. शाळेत येत, शिकवत, निघून जात. नव्या माणसाला काही विचारणं बंद झालं. एकदा पत्र लिहायला कागद हवा होता म्हणून मी झोपडीत गेलो, तेव्हा त्यांनी नववी वही उघडून माझ्यापुढं धरली. अक्कांची नोंद होती. 'आईला पाठ दाखवायची नाही.' त्याखाली नव्या शाईत लिहिलं होतं: 'मी ऐकलं आणि बोललो नाही. हे माझं चुकलं.' नऊ वह्यांत 'चुकलं' हा शब्द तेवढा एकदाच आहे. आणि तो अक्कांना उद्देशून नव्हता.

मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. कागद घेऊन परत आलो.

पुढच्या भाद्रपदाच्या शेवटी शेठजींच्या दुकानात उंदीर पडला. धान्याच्या पोत्यांमागं, एक नाही, तीन. बातमी दाबली जाण्यासारखी नव्हती, पण पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं, "बाजरी घरात यायच्या टायमाला गाव सोडून जायाचं न्हाई. चोरांचं फावंल." लोकांनी माना डोलावल्या.

त्या दुपारी मी मास्तरांना शोधत माळावर गेलो. ते झोपडीत नव्हते. पलीकडं धनगरांचा वाडा, मेंढरांसकटचा तळ, बसला होता. दसऱ्यानंतर ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. तिथं एका म्हाताऱ्या धनगरासमोर मास्तर उकिडवे बसले होते, मान वाकडी करून. वर्षभरात त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मेंढरात मरी शिरली तर काय करता, बाबा?" मास्तरांनी विचारलं.

"काय करायचं? वाडा उचलतो. त्याच येळंला."

"मेंढरं जायला तयार नसली तर?"

म्हातारा हसला. "मेंढरास्नी कोन इचारतंय, मास्तर? त्यास्नी काय ठावं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण त्यांनी तसाच कान पुढं ठेवला, आणि म्हातारा काठीनं माती उकरत पुढं बोलला. "इचारत न्हाई, पर हाक त्यांचीच घालतो. काठीनं ढोसून मेंढरू हालत न्हाई, बिथरतंय. त्याला ठावी असलेली हाक घातली की आपल्या पायानं येतंय. आमी न्हाई का, येगयेगळ्या कळपास्नी येगयेगळी हाक घालत?"

मास्तरांनी म्हाताऱ्याला हात जोडले. मग एकदम उठले आणि गावाकडं चालू लागले. मी मागोमाग.

ते आधी मरीआईच्या देवळात गेले. पुजारीण पायरीवर बसली होती. वर्षभर दोघं एकमेकांशी बोलली नव्हती. मास्तर खालच्या पायरीवर बसले.

"आषाढात गाव एक दिवस बाहेर जेवतं ना?" त्यांनी विचारलं. "वेशीबाहेर चुली मांडून. घरात त्या दिवशी चूल पेटत नाही."

"व्हय. गाव मोकळं करायचं आईसाटी. तिला एकलीला फिरायचं असतंय."

"एक दिवसच करायचं असतं का?"

"आई सांगंल तितकं दिस."

"मग आईला विचारा. यंदा तिला किती दिवस एकटीला फिरायचंय."

पुजारणीनं पदर डोळ्यांना लावला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, अक्का माज्यामुळं थांबली व्हती."

"माझ्यामुळं पण," मास्तर म्हणाले.

ती दोघं तशीच बसून राहिली. मी देवळाच्या भिंतीकडं तोंड करून उभा होतो. त्यांच्याकडं बघण्याची माझी छाती नव्हती. थोड्या वेळानं पुजारणीनं हातपाय धुतले, आईला फुलं चिकटवली आणि कौल लावला. फूल पडायला वेळ लागला. पडलं ते उजवं, होकाराचं. तिनं बाहेर येऊन चावडीसमोर उभं राहून घसा फोडून सांगितलं, "आई म्हनती, गाव मोकळं करा! दिवाळीच्या पाडव्यापतुर कुनी घरात चूल पेटवायची न्हाई!"

परतताना मी विचारलं, "मास्तर, तुम्ही खोटं बोललात का?"

"एक तरी वाक्य खोटं होतं का? तुम्ही सगळं ऐकलंत."

मी आठवून पाहिलं. नव्हतं.

शेठजींचं निराळं होतं. त्यांना गाव सोडायला हरकत नव्हती, पण सरकारी माणसं विष आणि पिंजरे घेऊन दुकानात शिरणार, म्हणून ते दाराला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून उंबऱ्यावर बसले होते. मागच्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ साथीत गेला होता. तरीही म्हणाले, "भाऊ गेला मास्तर, मान्य. पण जीव मारून जीव वाचवायचा नाही आमच्यात. मी इथून हलणार नाही."

"मारू नका," मास्तर म्हणाले. "उंदरांना दुकान देऊन टाका. सगळं धान्य त्यांचं. तुम्ही फक्त बाहेर या. दार मी राखतो. कुणी पिंजरा घेऊन आलं तर मला ओलांडून जाईल."

शेठजींनी पोत्यांकडं एकदा मागं वळून पाहिलं. वर्षभराचा माल होता तो. त्यांनी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही, आणि बायका-मुलांना हाक मारली.

पाटील सगळ्यांत शेवटी निघाले. त्यांच्याशी मास्तर पहाऱ्याबद्दल बोलले, बाकी कशाबद्दल नाही. आळीपाळीनं चार-चार माणसं वेशीवर. पाटलांना ते पटलं.

तीन दिवसांत गाव माळावर आलं. मास्तर कबूल केल्याप्रमाणे दुकानासमोरच्या पारावर दिवसभर बसून राहत. सरकारी माणसं आली, त्यांच्याशी हुज्जत झाली, आणि ती शेवटी दुसऱ्या आळीत गेली. त्या वर्षी आमच्या गावातले दोघेच दगावले, आणि तेही घरातली भांडी आणायला चोरून परत गेलेले. मागच्या वर्षी नदीवरची राख निवत नव्हती. लोक म्हणाले, आईनं राखलं. डॉक्टर म्हणाला, गाव सोडल्यानं वाचलं. धनगर म्हातारा तोवर कोकणात उतरला होता.

पाडव्याला गाव घरी परतलं. मास्तर झोपडीतच राहिले. पुजारणीनं सांगून पाहिलं, पाटलांनी सांगून पाहिलं. "बरं आहे इथं," एवढंच उत्तर. त्यांच्या घराचं दार अक्का गेल्या त्या दिवशी ओढलं होतं, ते तसंच होतं. त्यासमोरून जावं लागू नये म्हणून ते शाळेत नदीच्या अंगानं, वळसा घालून येत.

आणखी एक पावसाळा सरत आला. गणपती बसले त्याच सुमाराला एके सकाळी मी झोपडीत हजेरीपटावर त्यांची सही घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात शेठजी आले. पांढरं धोतर, अनवाणी, तोंड उपासानं सुकलेलं. आदल्या दिवशी त्यांची संवत्सरी, वर्षाचा मोठा उपास, झाली होती. त्यांनी आधी मास्तरांपुढं, मग माझ्यापुढं हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं. वर्षभरात जाणूनबुजून किंवा नकळत मन दुखावलं असेल, तर क्षमा करा."

शेठजी दरवर्षी गावात असं फिरत. आम्हाला त्याची सवय होती. आम्ही नेहमीसारखे हात जोडले. पण मास्तरांनी त्या दिवशी त्यांना जाऊ दिलं नाही. मान वाकडी करून विचारलं, "शेठजी, तुमच्यात एक सांगा. ज्याची क्षमा मागायची, ते माणूसच राहिलं नसेल तर?"

शेठजी उंबऱ्यावर टेकले. कदाचित त्यांना स्वतःचा भाऊ आठवला असेल. "तरी मागायची, मास्तर. आम्ही सगळ्या जीवांची मागतो. जे आहेत त्यांची, गेले त्यांची."

"आणि ते देतात?"

"ते आपल्याला कळत नाही. आपण मागायची, आणि आपल्याकडून सगळ्यांना द्यायची. मग घरी जाऊन पारणं करायचं. जेवायचं. उपास काही कायमचा नसतो."

शेठजी गेले. मास्तरांनी हजेरीपटावर सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग पायांत वहाणा सरकवल्या आणि गावाच्या वाटेला लागले. नदीच्या अंगानं नव्हे; सरळ.

दार ओढलेलं होतं, ते फुगून बसलं होतं. आम्ही दोघांनी खांदा लावला तेव्हा उघडलं. आत पावणेदोन वर्षांची धूळ, कोळिष्टकं, वाळवीनं खाल्लेला पाट. मास्तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले. हात जोडले. ओठ हलले, पण काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

मग ते मागं वळले. मला कळलं, की हीच वेळ आहे. नदीवरून येताना बोललेलं ते वाक्य मी पावणेदोन वर्षं बरोबर वागवत होतो. "मास्तर," मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला..."

त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी उचलून माझ्या हातात दिली.

"तुम्ही पडवी घ्या," ते म्हणाले. "मी चूल सारवतो. दुपारपर्यंत झालं तर इथंच जेवू."

झालं दुपारपर्यंत. भाकऱ्या त्यांनी थापल्या. कडा फाटलेल्या, एका बाजूनं करपलेल्या. धूर पाहून पुजारीण दारात आली, तिलाही त्यांनी पाट मांडला. तिघं जेवलो.